गाणी ऐकवणाऱ्यांचा ताळेबंद
(प्रस्तावना)

डिसेंबर 2023 मध्ये ‘गाना’ ही एकेकाळी देशात आघाडीवर असलेली संगीतसेवा 25 लाख रुपयांना विकली गेली. घेणारी कंपनी ‘रेडिओ मिर्ची’ चालवणारी, म्हणजे टाइम्स समूहातलीच. याच ‘गाना’मध्ये फेब्रुवारी 2018 मध्ये चीनच्या टेन्सेंटच्या पुढाकाराने साडेअकरा कोटी डॉलर गुंतवले गेले होते. पुढच्या दोन वर्षांत दरमहा 15 कोटींहून अधिक लोक आपल्याकडे गाणी ऐकतात, असे कंपनी जाहीरपणे सांगत होती. विक्रीनंतरच्याच महिन्यात, 31 जानेवारी 2024 रोजी, बाइटडान्सची ‘रेसो’ भारतातून उठली. ऑगस्टमध्ये एअरटेलने ‘विंक म्युझिक’ बंद करत असल्याचे जाहीर केले. नऊ महिन्यांत तीन मोठी नावे गेली. यांतल्या एकालाही गाण्यांची वाण नव्हती, श्रोत्यांची नव्हती, आणि मागे उभ्या असलेल्या मालकांकडे पैशाचीही नव्हती. नव्हता तो नफा. तो का नव्हता, आणि जिथे अखेर दिसू लागला तिथे तो कुठून आला, हा या पुस्तकाचा विषय आहे.

संगीतसेवांच्या स्पर्धेविषयी छापून येते ते बहुतेक श्रोत्यांच्या आकड्यांबद्दल असते. कुणी किती कोटींचा टप्पा ओलांडला, कुणी कुणाला मागे टाकले. मला हे आकडे दिशाभूल करणारे वाटतात. गिऱ्हाईक वाढले की दर नगामागचा खर्च घटतो आणि नफा सुटू लागतो, हा बहुतेक धंद्यांचा अनुभव आहे. चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या सेवाही त्याच वाटेने जातात. एकदा मालिका तयार केली की ती एक लाख लोकांनी पाहिली काय किंवा एक कोटींनी पाहिली काय, निर्मितीचा खर्च तेवढाच राहतो. गाण्यांचे तसे नाही. संगीतसेवा गाण्यासाठी ठरावीक किंमत मोजून मोकळी होत नाही. तिच्या उत्पन्नातला हिस्साच हक्कधारकांना जातो, आणि तो ढोबळमानाने 70 टक्क्यांच्या आसपास असतो. शंभर रुपये आले तर सत्तर गेले. हजार कोटी आले तरी सातशे कोटी गेलेच. उरलेल्या तिसात सर्व्हर, इंजिनिअर, जाहिरात, पगार, पैसे वसूल करणाऱ्या बँकांचे आणि अ‍ॅप स्टोअरचे कमिशन, असे सगळे भागवायचे.

त्यात माल सगळ्यांकडे एकच. एका पेठेत दहा किराणा दुकाने आहेत, दहाही दुकानांत तेच मीठ आणि तोच साबण आहे, आणि तो त्याच तीन वितरकांकडून येतो, अशी ही अवस्था आहे. स्पॉटिफाय आणि अ‍ॅपल म्युझिक दोघेही आपल्याकडे दहा कोटींहून अधिक गाणी असल्याचे सांगतात, आणि त्यातला श्रोत्याला हवा असलेला भाग जवळजवळ सारखाच असतो. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांच्या गाण्यांशिवाय पाश्चात्त्य देशांत कोणतीही सेवा उभीच राहू शकत नाही. तिघांपैकी एक जरी रुसला तरी दुकान अर्धवट. त्यामुळे सेवा एकमेकींशी कितीही लढल्या तरी पुरवठादाराशी घासाघीस करताना त्यांच्या हातात फारसे काही नसते.

ती घासाघीस कशी होते याचा दुर्मीळ पुरावा मे 2015 मध्ये बाहेर आला. सोनी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांच्यात 2011 साली झालेला अमेरिकेपुरता करार फुटला. त्यात स्पॉटिफायने सोनीला आगाऊ रक्कम द्यायची होती: पहिल्या वर्षी 90 लाख डॉलर, दुसऱ्या वर्षी 1 कोटी 60 लाख, आणि करार वाढला तर तिसऱ्या वर्षी 1 कोटी 75 लाख. श्रोते आले नाहीत तरी ही रक्कम सोनीचीच. शिवाय दुसऱ्या एखाद्या कंपनीला अधिक चांगल्या अटी मिळाल्या तर त्या सोनीलाही मिळतील, असे कलम होते. जोखीम दुकानदाराची आणि हमी पुरवठादाराला, हे तत्त्व त्या कागदावर इतके उघडे दिसते की या पुस्तकाचे एक पूर्ण प्रकरण मी त्या एका करारावर खर्च केले आहे. भारतातही ‘मिनिमम गॅरंटी’चा व्यवहार याच जातीचा. लेबले, म्हणजे गाण्यांचे हक्क असलेल्या कंपन्या, सेवांकडून वर्षाची किमान रक्कम आधी ठरवून घेतात. ती फिटली नाही तर तोटा सेवेच्या खात्यावर पडतो.

स्पॉटिफायची कहाणी या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. 2006 मध्ये डॅनियल एक आणि मार्टिन लॉरेंट्झोन यांनी स्टॉकहोममध्ये ती सुरू केली. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये सेवा लोकांसमोर आली, 2011 मध्ये अमेरिकेत पोहोचली, एप्रिल 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. पूर्ण वर्षाचा निव्वळ नफा तिने प्रथम दाखवला तो 2024 साली: 1,567 कोटी युरोंच्या उत्पन्नावर सुमारे 114 कोटी युरो. जगातल्या सर्वात मोठ्या संगीतसेवेला नफ्याचे पहिले वर्ष पाहायला सोळा वर्षे लागली. मधल्या काळात आरडिओसारखी, अनेक जाणकारांना स्पॉटिफायपेक्षा देखणी वाटणारी सेवा 2015 च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता पँडोराने साडेसात कोटी डॉलरना घेतली.

2024 च्या त्या ताळेबंदात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते तो नफ्याच्या आकड्यापेक्षा बोलका आहे. वर्षअखेरीस स्पॉटिफायचे दरमहाचे श्रोते साडेसदुसष्ट कोटी होते. त्यांतले 26 कोटी 30 लाख पैसे देणारे, बाकी सगळे जाहिराती ऐकत फुकट ऐकणारे. म्हणजे दहातले सहा फुकट. पण उत्पन्नातले 1,382 कोटी युरो वर्गणीतून आले आणि जाहिरातींतून जेमतेम 185 कोटी. साठ टक्के श्रोत्यांकडून बारा टक्के उत्पन्न. हे प्रमाण मनाशी धरले की भारतात काय झाले ते समजायला वेळ लागत नाही. 2024 मध्ये इथे पैसे देणारे शेकड्याला पाच-सहाच होते.

मग 2024 मध्ये नफा आला कुठून? स्पर्धेत कुणाला हरवून तो आलेला नाही. डिसेंबर 2023 मध्ये कंपनीने 17 टक्के कर्मचारी काढले. अमेरिकेतला दर 2011 पासून बारा वर्षे 9.99 डॉलरवर गोठलेला होता. तो जुलै 2023 मध्ये 10.99 झाला आणि 2024 मध्ये 11.99. श्रोते गेले नाहीत. त्याआधी पॉडकास्टवर कंपनीने मोठी बाजी लावली होती. 2019 मध्ये गिम्लेट आणि अँकर या कंपन्या घेतल्या, 2020 मध्ये जो रोगनचा कार्यक्रम फक्त आपल्याकडे आणला. हेतू सरळ होता: पॉडकास्टच्या मिनिटाला लेबलांचा वाटा द्यावा लागत नाही. ते गणित अपेक्षेइतके जुळले नाही आणि 2023 मध्ये तो पसारा आवरता घ्यावा लागला. ‘डिस्कव्हरी मोड’ ही योजनाही त्याच वृत्तीची. कलाकाराने किंवा लेबलाने कमी रॉयल्टी मान्य केली तर त्याचे गाणे शिफारशींत पुढे सरकवले जाते. मला ही योजना मनापासून खटकते, कारण श्रोत्याला वाटते की त्याच्या आवडीतून निवडून गाणे आले, प्रत्यक्षात निवडीच्या तराजूत सवलतीचे वजन पडलेले असते.

स्पर्धेचा दुसरा पेच असा की मैदानात उतरलेले सगळे एकाच खेळासाठी उतरलेले नाहीत. स्पॉटिफाय, डीझर, ‘गाना’ यांचे पोट गाण्यांवर. अ‍ॅपलला आयफोन विकायचा आहे, अ‍ॅमेझॉनला प्राइमचे सभासद टिकवायचे आहेत, यूट्यूबमागे गूगलचा जाहिरातींचा कारखाना आहे, जिओ आणि एअरटेलला सिमकार्ड बदलू द्यायचे नाही. ज्यांना गाण्यातून नफा काढण्याची गरजच नाही ते दर ठरवतात, आणि ज्यांना ती आहे त्यांना त्या दराने जगावे लागते. अ‍ॅपलचे उदाहरण तर टोकाचे आहे. 2015 च्या जूनमध्ये अ‍ॅपल म्युझिक आले तेव्हा आयफोनवर घेतलेल्या स्पॉटिफायच्या वर्गणीतून अ‍ॅपल 30 टक्के कमिशन घेत होते. 70 टक्के लेबलांना, 30 टक्के प्रतिस्पर्ध्याला. बेरीज शंभर. स्पॉटिफायने आयफोनवर दर 12.99 डॉलर करून पाहिला आणि पुढे आयफोनवरून वर्गणी भरण्याची सोयच काढून टाकली. 2019 मध्ये तिने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. मार्च 2024 मध्ये आयोगाने अ‍ॅपलला 180 कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला, कारण बाहेर स्वस्तात वर्गणी मिळते हे अ‍ॅपमध्ये सांगायलाही अ‍ॅपलने बंदी घातली होती.

नफ्याचा वेगळा रस्ता चीनमध्ये दिसतो. टेन्सेंट म्युझिकच्या क्यूक्यू म्युझिक, कुगू आणि कुवो या सेवा स्पॉटिफायच्या कितीतरी आधी नफ्यात होत्या. ते पैसे बरीच वर्षे मुख्यतः गाणी ऐकवून मिळत नव्हते. लोक थेट प्रक्षेपणात गाणाऱ्यांना पडद्यावरच्या भेटवस्तू विकत घेऊन देत आणि त्यातला वाटा कंपनीला मिळे. शिवाय मोठ्या लेबलांचे चीनपुरते एकमेव हक्क टेन्सेंटकडे होते, म्हणजे पेठेत ते मीठ एकाच दुकानात मिळत होते. जुलै 2021 मध्ये चिनी नियामकाने हे एकमेव हक्क सोडायला लावले. त्यानंतर कंपनीला वर्गणीकडे वळावे लागले आणि 2023 मध्ये तिच्या वर्गणीदारांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला. भारतात भेटवस्तूंचा मार्ग रुजला नाही आणि एकमेव हक्कांची सद्दी कुणा एकाची झाली नाही. इथली लढाई कोर्टात झाली, आणि तीही बरीचशी मुंबईत.

त्या लढाईवर थोडे थांबतो, कारण मराठी वाचकापर्यंत ती पोहोचलेली नाही आणि या धंद्यातल्या पैशाची वाट तिने ठरवली. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 31 डी आले. रेडिओ किंवा दूरचित्रवाणी केंद्राला एखादे गाणे लावायचे असेल तर मालकाशी करार न करता, सरकारी यंत्रणेने ठरवलेला दर भरून ते लावता येईल, अशी ती तरतूद. सप्टेंबर 2016 मध्ये केंद्राच्या एका कार्यालयीन पत्रकाने सांगितले की इंटरनेटवरचे प्रसारणही यात येते. संगीतसेवांच्या दृष्टीने हे वरदान होते, कारण मालकाच्या मर्जीऐवजी ठरलेल्या दराने गाणी मिळणार होती. मुंबईच्या टिप्स कंपनीचा एअरटेलच्या ‘विंक’शी दराचा वाद झाला, परवाना संपला, आणि ‘विंक’ने कलम 31 डीचा आधार घेतला. एप्रिल 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की ही तरतूद रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरती आहे. मागेल तेव्हा गाणे ऐकवणाऱ्या आणि उतरवून घेऊ देणाऱ्या इंटरनेट सेवेला ती लागू नाही, आणि त्या पत्रकाला कायद्याचे बळ नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवले.

याच काळात, 26 फेब्रुवारी 2019 रोजी, स्पॉटिफाय भारतात आली. वॉर्नरच्या प्रकाशन शाखेशी करार झालेला नव्हता आणि तिनेही कलम 31 डीचाच दरवाजा ठोठावला. वॉर्नर मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2020 मध्ये दोघांनी समझोता केला. सारेगामाची गाणी तर सुरुवातीला स्पॉटिफायला काढावीच लागली आणि करार झाल्यावर ती परत आली. आपल्याकडे जुन्या गाण्यांचे प्रेम जितके खोल, तितके त्या गाण्यांच्या मालकाचे पारडे जड. एचएमव्हीच्या शिक्क्याने पिढ्यान् पिढ्या जमवलेला तो साठा सारेगामाच्या हाती आहे. लता मंगेशकर, आशा भोसले, सुधीर फडके, भीमसेन जोशी यांच्या आवाजाशिवाय सेवा चालवून दाखवा, असे मालक म्हणू शकतो आणि सेवेकडे त्याला उत्तर नसते.

न्यायालयाचा निर्णय मला कायद्याच्या वाचनाच्या दृष्टीने योग्य वाटतो. पण त्याचा परिणाम असा झाला की गाण्याची किंमत ठरवण्याची ताकद पूर्णपणे लेबलांकडे गेली, आणि दुसऱ्या बाजूला श्रोत्याकडून पैसे घेण्याची ताकद सेवांकडे कधी आलीच नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि गाणे त्याच्याबरोबर जणू सुटे पैसे म्हणून मिळू लागले. त्याआधीची दहा वर्षे आठवा. मोबाइलवर ऐकू येणाऱ्या कॉलर ट्यूनसाठी लोक महिन्याला तीस रुपये देत होते आणि त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपन्या ठेवून घेत होत्या. म्हणजे भारतीय माणूस गाण्यासाठी पैसे देतच नाही, हे खरे नाही. कॅसेटच्या काळात तर मराठी घरांत अभंग, नाट्यगीते, भावगीते यांच्या कॅसेटींची कपाटे भरलेली असत. ‘विंक’, ‘जिओम्युझिक’ यांनी सिमकार्ड टिकवण्यासाठी गाणे फुकट केले आणि पैसे देण्याची ती सवय मोडली. स्पॉटिफाय इथे 119 रुपये महिना या दराने आली, अमेरिकेतल्या दराच्या साधारण सहाव्या हिश्शाला, आणि तरीही फुकट ऐकणाऱ्याला वर्गणीकडे ओढणे तिला जड गेले. ‘गाना’ने सप्टेंबर 2022 मध्ये फुकट ऐकण्याची सोय बंद करून फक्त वर्गणीदारांपुरती सेवा ठेवली. श्रोत्यांनी शेजारचे फुकट अ‍ॅप उघडले. पुढचा व्यवहार प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीत सांगितला आहे.

आता नफ्याच्या वाटपाचा भाग. इथे माझी बाजू मी लपवत नाही. एका गाण्यामागे किती पैसे मिळतात, असे कलाकार विचारतात, पण ठरावीक दर असा बहुतेक सेवांत नसतोच. एका देशातली महिन्याची वर्गणी एका हंडीत जमते आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढी रक्कम त्याला मिळते. समजा, दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघेही शंभर रुपये देतात. एक महिन्यात पन्नास वेळा गाणी ऐकतो, सगळी नाट्यगीते. दुसरा कामाच्या ठिकाणी दिवसभर हिंदी हिट गाणी लावतो, साडेनऊशे वेळा. दोनशेतले एकशे चाळीस रुपये वाटायला उरले. हजारातली पन्नास ऐकणी, म्हणून नाट्यगीतांच्या हक्कधारकांना सात रुपये मिळतात. नाट्यगीतांपलीकडे काहीही न ऐकणाऱ्याच्या वर्गणीतले त्रेसष्ट रुपये त्याने कधीही न ऐकलेल्या गाण्यांकडे जातात. ज्याची वर्गणी त्याने ऐकलेल्यालाच, हा दुसरा हिशेब धरला तर नाट्यगीतांना सत्तर रुपये मिळाले असते.

मराठीसाठी हा फरक किरकोळ नाही. मराठी श्रोत्याचे ऐकणे बरेचसे सणावारांशी आणि वयाशी बांधलेले आहे: गणपतीत आरत्या, आषाढीला अभंग, घरात भावगीते. दिवसभर मागे वाजत राहणाऱ्या गाण्यांशी अशा ऐकण्याची संख्येत बरोबरी होऊच शकत नाही. त्यात 2024 पासून स्पॉटिफायने नियम केला की वर्षात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टीच्या हिशेबात धरायचे नाही. गर्दी कमी करण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, पण एखाद्या भजनी मंडळाचे किंवा कोळीगीतांच्या गावातल्या गायकाचे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा त्याच नियमाखाली येते.

आणि शब्द-सुरांचे मालक? 1955 ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेव्हापासून आपण ‘गदिमा-बाबूजी’ असे जोडनाव घेत आलो. आकाशवाणीचा निवेदक गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकार यांचीही नावे सांगत असे आणि ती श्रोत्यांच्या तोंडी बसत. अ‍ॅपच्या पडद्यावर ठळक दिसते ते गायकाचे नाव. बाकीची दोन शोधावी लागतात. हा केवळ मानाचा प्रश्न नाही. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो निर्मात्याला किंवा लेबलाला लिहून देता येत नाही, आणि मुंबईत कचेरी असलेली आयपीआरएस ही संस्था तो वसूल करते. नाव चुकीचे नोंदले गेले किंवा नोंदलेच गेले नाही, तर पैसा योग्य घरी पोहोचत नाही. तोट्यात चाललेली सेवा पहिल्यांदा ज्या कामावरचा खर्च कमी करते त्यात नोंदींची शुद्धता असते, हे मला या विषयाच्या अभ्यासात सर्वात जास्त लागले.

पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे करारांची आणि कोर्टाची आहेत. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी थेट चौथ्यापासून, भारतीय सेवांच्या इतिहासापासून, सुरुवात करायला हरकत नाही. शेवटचे प्रकरण मराठी गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या लहान लेबलांसाठी आणि गीतकार-संगीतकारांच्या वारसांसाठी लिहिले आहे. साउंडक्लाउडने 2021 मध्ये ज्याची वर्गणी त्याने ऐकलेल्यालाच हा हिशेब काही कलाकारांसाठी सुरू केला. डीझरने 2023 मध्ये युनिव्हर्सलबरोबर फ्रान्समध्ये वाटपाचे नवे निकष आणले. सेवांशी पुढचा करार करताना अशा वाटपाची मागणी कशी मांडावी, नावांच्या नोंदी कशा तपासाव्यात, आयपीआरएसकडे कोणती कागदपत्रे द्यावी लागतात, हे तिथे एकेक गाणे घेऊन दाखवले आहे.